चपट्याने जुळवलेलं लग्न

तीर्थरूप बेमासोमामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? व्हॅनिलाला फुलं धरली का? आम्ही सगळे ठीक (माझी मान सोडून, ते पुढे येईलच).

आपल्या तोंबूचं लग्न जमलं! मुलीच्या, म्हणजे वाविसुआच्या, घरून आपली माणसं दोनदा हात हलवत परतली होती. तिसऱ्यांदा नकार आला असता तर माझा धाकटा भाऊ वेडाच झाला असता. बोलणारा दुसरा कोणी मिळेना, म्हणून मला उभं केलं. रीतीप्रमाणे मुलीकडच्यांनी टोमणे मारायचे आणि आपण "मी लहान, मी अडाणी, बोलायची माझी लायकी नाही" अशी माफी मागत राहायची, एवढंच काम. पण टोमणा ऐकून गप्प बसणं आमच्या सात पिढ्यांत नाही. (आमची बायको कला म्हणाली, "जा, मोडून या एकदाचं.")

माफीला सुरुवात केली नि ऐटीत अंगणातल्या लिचीला टेकलो. मामा, झाडाची साल चालायला लागली! ताहाफिसाका, सालीसारखी दिसणारी ती पाल, आपला चपट्या, सरसर येऊन माझ्या मानेला चिकटला. उपटला तर कातडीसकट निघतो, हे आजीने सांगितलेलं मी विसरेन होय? हललो-बोललो तर आणखी घट्ट धरेल, या भीतीने तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मुलीच्या आजोबांनी, म्हाताऱ्या बुतुवावने, आपले बैल काढले, तोंबूचा आळस काढला, माझं नाकसुद्धा काढलं. मी हूं नाही की चूं नाही. शेवटी म्हाताऱ्याचेच डोळे भरले. "माफी मागणारे खूप पाहिले," तो म्हणाला. "माफी मागायचीही आपली लायकी नाही असं मानणारा आज भेटला. न्या पोरीला."

दिवेलागणीला चपट्या आपणहून उतरला. काय जनावर आहे हो! त्याचे भाऊबंद तरी किती. कोणी साल होतो, कोणी शेवाळ, कोणी किडीने खाल्लेलं वाळकं पान, अगदी कुरतडलेल्या कडांसकट. दिवसभर सगळ्यांच्या देखत बसतात, पण "मी इथे आहे" म्हणून मिरवत नाहीत. लोक त्याला बघून पळतात. मी मात्र त्या लिचीखाली त्याच्या नावाने रम ओतून आलो.

आपला भाचा,
झाफी

ता. क. बुतुवाव आता नातवासाठी मुलगी मागायला मलाच नेतोय. तिकडची माणसं फार टोचून बोलतात म्हणे. चपट्याला हात लावणारे आपल्यात तुम्ही एकटेच. तेवढा एक घेऊन या ना.

ता. ता. क. आणू नका, पण या. लिहिताना फणसाला टेकलो होतो. आता फक्त उजवा हात हलवतोय. कलाने "सावकाश या" असा निरोप पाठवला तर ऐकू नका; घर इतकं शांत तिने कधी पाहिलं नव्हतं.