खऱ्या आकड्यांची वही

प्रिय चिगुसा,

तुझे बाबा इस्पितळात आहेत. धावत येऊ नकोस. आधी हे पत्र पुरतं वाच.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टर ओनोदेरांनी त्यांना रक्तदाबाची वही दिली. रोज सकाळी घरीच मोजायचं आणि लिहायचं. पहिल्याच दिवशी यंत्राने एकशे शहाऐंशी दाखवले. मी तेच लिहिलं, तर बाबांनी माझ्या डाव्या हाताची करंगळी धरून मागे वाकवली. "पंचवीस वर्षं गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुख होतो मी! एकशे अठ्ठावीस लिही." करंगळी मोडली. उजव्या हाताने मी एकशे अठ्ठावीस लिहिलं. तुला फोनवर बर्फात घसरले म्हणून सांगितलं होतं, ते हे.

मीठ कमी करायचं म्हणून सुपात खारट मिसो कमी घातला, तर उकळता वाडगा माझ्या मानेवर आला. "हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" मग मी पुन्हा खारट करायला लागले, सोबत धुरावलेल्या मुळ्याचं लोणचंही. "बघ, जमतं की तुला!" म्हणत ते मिटक्या मारायचे. खरे आकडे मी दुसऱ्या वहीत लिहीत होते. ती तांदळाच्या डब्याखाली असायची. एकशे नव्वद. एकशे अठ्ठ्याण्णव. खरं सांगू? आकडा चढला की मला बरं वाटायचं.

दवाखान्यातही दाब चढलेलाच दिसायचा, पण डॉक्टरांचा भरवसा घरच्या वहीवर. "माझा पांढरा कोट बघून चढतो हो तुमचा, प्रमुखसाहेब!" असं म्हणून हसायचे. औषध काही वाढलं नाही.

या हिवाळ्यात त्यांचे पाय सुजले, आडवं झालं की दम कोंडायला लागला. गेल्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या जुन्या पाइपासारख्या ताठ झाल्यात. रक्त ढकलून ढकलून हृदय थकलंय. पण घरचे आकडे इतके छान कसे? यावर औषध ठरवलं तर चुकेल." बाबा माझ्याकडे रोखून बघत होते. ती नजर तू ओळखतेस. तुझा डावा कान गेला त्या दिवशीही तीच होती. मी नुसती गप्प बसले असते, तरी सगळं आपोआप संपलं असतं.

मी पिशवीतून दुसरी वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर आणि नर्ससमोर त्यांनी माझ्यावर हात उगारला. तो अर्ध्यावरच गळून पडला आणि ते तोंड उघडं टाकून श्वास ओढत राहिले. "सहा वर्षं?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "हो. आणि मीठही मीच घालत होते." बाबांना तिथूनच इस्पितळात हलवलं; आता ते बहुधा जगतील. माफ केलेलं नाही मी त्यांना. पण खोटे आकडे माझ्या अक्षरात होते.

निघताना डॉक्टरांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. सूप तर मीही तेच पीत होते. एकशे चौऱ्याहत्तर. मला माझी वही मिळाली, पहिला आकडा खरा लिहिलाय. पुढच्या आठवड्यात गुरुवारी बाबांना घरी सोडतील. मी तिथे नसेन. आदल्या दिवशी, बुधवारी दुपारच्या गाडीने सेंदाईला, तुझ्याकडे कायमची येते आहे. स्टेशनवर ये. सूप कर, अगदी अळणी.

तुझीच,
आई