वाटीतली तूट

दि. ३ मार्च

श्रीमती विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

आपलं मागचं पत्र कन्येने मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातलं 'काटेवाल्याच्या घरात मूल म्हणजे दुकानात मांजर' हे वाक्य तिने गाळलं होतं. मी ते नंतर स्वतः वाचलं.

आपली अट मला मान्य आहे. पुढे वाद नको म्हणून ती लिहून ठेवतो. कन्येची रजा ३१ तारखेला संपते. १ एप्रिलला तिने हॉस्पिटलात एक्स-रे काढायला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. जावईबापू जहाजावर आहेत, ऑगस्टपर्यंत येत नाहीत. २५ मार्चपर्यंत आपला नातू (वय आठ महिने चार दिवस) दिवसातून तीन वेळा घरातलं अन्न खायला लागला, तर तो इथे राहील. नाही लागला, तर आपण त्याला आपल्या गावी न्याल, आणि आई महिन्यातून एकदा अकरा तासांचा प्रवास करून पोराला बघून येईल.

मी बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतो. मला कोणी शिकवलं नाही. पहिला काटा उघडला आणि तो बंद करता येईना, म्हणून शिकलो. आज सोनार आणि औषधवाले आपले काटे माझ्याखेरीज कोणाला हात लावू देत नाहीत. मुलाने किती खाल्लं ते अंदाजाने सांगणाऱ्यांतला मी नाही. भरलेली वाटी तोलायची, भरवायचं, उरलेली वाटी तोलायची. लाळेऱ्यावर सांडलेलं वेगळं तोलून वजा करायचं. राहिली ती तूट, म्हणजे पोटात गेलेलं. लाटसाहेबांचं (हे नाव मी ठेवलं, दूध पिताना ते एक हात मानेखाली घेऊन लोळतात) लक्ष इकडेतिकडे जाऊ नये म्हणून त्यांना माझ्या कामाच्या खोलीत उंच खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून बसवतो.

पहिल्या दिवशी तूट शून्य. काल शून्य. आज मऊ भात आणि गाजर, तूट बेचाळीस ग्रॅम. कन्या भरवत होती, मी वही आणायला गेलो होतो. परत येतो तर वाटी हलकी.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची घाई नाही.

आपला,
व्याही

दि. ७ मार्च

श्री. व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि.

बेचाळीस ग्रॅम वाचून डोळे निवले. शाळेच्या भोजनगृहात मी अठ्ठावीस वर्षं रोज चारशे मुलांना जेवू घातलं, पण एकालाही काट्यावर घेतलं नाही. त्यामुळे ती जेवली की उपाशी गेली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

भिंतीकडे तोंड करून बसवण्याची युक्ती आवडली. आमच्या शाळेत ती गृहपाठ न करणाऱ्यांसाठी होती.

इकडे नातवाची खोली रंगवून झाली. फिका पिवळा रंग दिला, खिडकीला जाळी बसवली. पाळणा माझ्या पलंगाला लागून ठेवला आहे. आमचा मुलगा, म्हणजे आपले जावईबापू, नवव्या महिन्यात माझ्या ताटातली भाजी ओरबाडून खायचा. आपल्या काट्याच्या कृपेने नातू अजून ग्रॅमात आहे, तर पंचवीस तारखेला माझी बॅग भरलेली असेल. आपला नेम चुकावा अशी इच्छा मी करत नाही. फक्त तयारीत आहे.

आणि सूनबाई त्याला अंगावर पाजते, तेव्हा तरी काटा दुसऱ्या खोलीत ठेवा.

आपली माया कमी-जास्त होऊ नये, ही विनंती. ती मोजून पाठवली तरी चालेल.

आपली,
विहीण

दि. १२ मार्च

श्रीमती विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

आपले टोमणे पोचले. तूट आता रोज साठ ग्रॅमच्या वर जाते. परवा उकडलेल्या बटाट्याला चौऱ्याहत्तर होती. आपण बॅगेतले कपडे बाहेर काढायला हरकत नाही.

एकच अडचण आहे, आणि ती लपवणं माझ्या स्वभावात नाही. ४ तारखेला लाटसाहेबांचं वजन सात किलो आठशे चाळीस भरलं. आजही सात किलो आठशे चाळीस. आठ दिवस अन्न आत जातं आहे आणि वजन ग्रॅमभर हलत नाही. याचा अर्थ एकच, काटा बिघडला. मी तो तीन वेळा उघडला. स्प्रिंग बदलली. सोनाराकडून प्रमाणित वजनं मागून आणली. ती तो बिनचूक दाखवतो, फक्त नातू चूक दाखवतो. बावीस वर्षांत असं झालेलं नाही. औषधवाल्याचा काटा मी मागच्या महिन्यात दुरुस्त करून दिला, तोही परत मागवावा म्हणतो. माझ्या हातून गेलेल्या काट्यावर कोणाचं तरी औषध तोललं जातं, विहीणबाई. ही थट्टेची गोष्ट नाही.

कन्या म्हणते, बाबा, काट्याचं सोडा. तिचं बरं चाललं आहे. गाल चांगले भरलेत.

काळजी नसावी. असल्यास कळवू नये.

आपला,
व्याही

दि. १३ मार्च

ती. आईंस,

सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांना माहीत नाही. त्यांचा काटा बरोबर आहे. तूट माझ्या पोटात जाते.

पहिले दोन दिवस तो तोंडच उघडेना. दुसऱ्या दिवशी बाबांनी भरलेली वाटी तीनदा तोलली, बाजूला ठेवली आणि स्वतः न जेवता कामाला बसले. तिसऱ्या दिवशी ते वही आणायला गेले, तेवढ्यात मी दोन-तीन चमचे गिळले. ते परत आले, वाटी तोलली, आणि माझी आई गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांना शीळ घालताना ऐकलं. मग मला थांबता येईना. बिनमिठाचा भात, बिनमिठाचं गाजर, रोज तिन्ही वेळा. आता ते काटा उघडून बसतात, औषधवाल्याकडे जायचं म्हणतात, आणि मी शेजारी उभी राहून स्क्रू हातात देते.

पंचवीसनंतर तुम्ही याल, त्याला एक घास भरवून बघाल आणि सगळं उघडं पडेल. तुम्ही त्याला न्याल, त्यात तुमची चूक काहीच नाही. पण मी त्याला सोडून एक्स-रे काढत बसू शकणार नाही, आणि नोकरी सोडली तर ती पुन्हा मिळणार नाही. मी काय करू ते सांगा.

एक गंमत लिहायची राहिली. मी चोरून खाते तेव्हा हा मान पार मागे वळवून माझ्या तोंडाकडे बघत राहतो आणि स्वतःचा जबडा हलवतो. मी थांबले की थांबतो. एरवी त्याला हे बघायला मिळत नाही. बाबा कामाच्या खोलीत उभ्यानेच जेवतात, मी हा झोपला की ओट्याशी काहीतरी खाऊन घेते. जेवणाच्या टेबलावर पाच वर्षं उघडे काटेच आहेत.

रागावलात तरी पत्र लिहा.

आपली,
सून

दि. १६ मार्च

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

आधी पोट धरून हसले. शेवटच्या परिच्छेदापाशी हसू थांबलं. आता जे सांगते, ते माझ्या तोट्याचं आहे एवढं लक्षात ठेव. मी गप्प बसले असते तर पंचवीसनंतर नातू माझ्या पिवळ्या खोलीत आला असता.

अगं, त्या पोराने जन्मल्यापासून कोणाला जेवतानाच पाहिलेलं नाही. त्याच्या दृष्टीने चमचा म्हणजे औषध, आणि तेही भिंतीकडे बघत घ्यायचं. भोजनगृहात नवं मूल न जेवता बसलं की मी त्याला भरवायला जात नसे. सगळ्यात खादाड पोरासमोर बसवायची. आठवड्यात ते नवं मूल दुसऱ्यांदा भात मागायला यायचं.

टेबल मोकळं करा. तुम्ही दोघं ताटं घेऊन बसा, त्याला मध्ये घ्या. भरवू नका. त्याच्याकडे आशेने बघू नका. स्वतः जेवा. तुमच्या घरात हेच अवघड जाईल.

बाबांना खरं तू सांग. मी सांगितलं तर ते मला जन्मभर माफ करणार नाहीत. तुला करतील. दोन दिवस लागतील.

तुझी,
आई

दि. २५ मार्च

श्रीमती विहीणबाई यांस,

सा. न. वि. वि.

कन्येने १८ तारखेला सगळं सांगितलं. मी एवढंच विचारलं, की म्हणजे काटा बरोबर होता? ती हो म्हणाली. मग मी दोन दिवस बोललो नाही. काटा बरोबर ठरल्याचा आनंद, आणि आपल्याच घरात आपली कीव केली गेल्याचा संताप. दोन्ही एकदम आले की माणसाने तोंड बंद ठेवावं.

२० तारखेला टेबल मोकळं केलं. त्यावर सात काटे होते. त्यांतल्या दोन काट्यांचे मालक आता हयात नाहीत. बसून जेवताना डावा हात कुठे ठेवायचा तेच मला आठवेना. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही चावताना मान हलवता, आई त्यावर हसायची. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. लाटसाहेबांनी माझ्या मानेकडे बघून मान हलवायला सुरुवात केली, आणि चौथ्या घासाला माझ्या ताटात हात घातला. बटाटा तोंडात गेला, केसांत गेला, माझ्या चष्म्यावर आला. त्याची तूट काढणं अशक्य. मात्र वजन काल सात किलो नऊशे दहा.

आता अट. सकाळचं आणि संध्याकाळचं जेवण ते आमच्याबरोबर जेवतात. दुपारचं नाही. कन्येने कामाचा सराव म्हणून तीन दुपारी बाहेर काढून पाहिल्या. मी एकटा त्यांच्यासमोर बसतो, चावतो, मान हलवतो. ते माझ्याकडे बघतात, मग तिच्या खुर्चीकडे बघतात आणि तोंड मिटून घेतात. अट तीनची होती, झाले दोन. किलोला सहाशे सदुसष्ट दाखवणारा काटा मी कधी पास केलेला नाही. हरलो. रविवारी येऊन न्यावे. उंच खुर्ची सुटी करून बांधून ठेवली आहे. ती जोडण्याचं चित्र सोबत आहे, पायऱ्या अठरा.

हे पत्र कन्येला दाखवलेलं नाही. ती मला 'तीन' लिहायला लावील, आणि मी लिहीन अशी भीती वाटते.

आपल्याकडे तो बटाटा आवडीने खाईल. फार मऊ करू नये.

आपला,
व्याही

दि. २८ मार्च

श्री. व्याहीबुवा यांस,

सा. न. वि. वि.

आपलं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. गॅसपाशी उभी, एका हातात पातेलं, एका हातात चमचा. दुपारचं जेवण जमत नाही, इथपर्यंत वाचलं आणि चमचा तसाच राहिला.

मुलगा जहाजावर गेला तेव्हापासून मी ताट घेतलेलं नाही. एकटीसाठी कशाला भांडी घासा, म्हणून. आपल्याला भिंतीवरून बोलले, आपल्या उभ्याने जेवण्यावर मनातल्या मनात हसले, सूनबाईला शहाणपण शिकवलं. तेही उभ्याने जेवूनच. नातवाला इथे आणलं असतं तर त्याने काय पाहिलं असतं? माझी पाठ. ती काही आपल्या भिंतीपेक्षा फार बरी नाही. जे दोनदा खायला शिकला आहे, तेही विसरला असता.

तेव्हा त्याला न्यायला मी येत नाही. जेवायला येते आहे. रविवारी अकराच्या गाडीने. सूनबाईला म्हणावं, १ तारखेला बिनघोर कामावर जा, दुपारी तुझ्या खुर्चीवर मी बसेन. आपली दोन्ही पत्रं, हे आणि सोबत परत पाठवलेलं ते, तिला दाखवा. व्याह्यांच्या घरी विहीण महिना महिना राहते म्हणून नातेवाईक बोलतील. बोलू देत, त्यांना जेवायला बोलावू नका म्हणजे झालं.

उंच खुर्ची पुन्हा जोडून ठेवा. मात्र त्या चित्राने नको. त्यातल्या अकराव्या पायरीला मागचे पाय पुढे लागतात, मूल तोंडावर पडेल. बावीस वर्षांत हेही झालं नसेल.

भात जास्तीचा लावा. मी मीठ मागेन, दोनदा वाढून घेईन आणि आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवीन. मुलासमोर सगळं व्यवस्थित व्हायला हवं.

भूक लोभासहित घेऊन येते आहे,

आपली,
विहीण