सोळा नोव्हेंबरचा गोल

लीड्स,
९ मार्च २०२५

प्रिय प्रबुद्ध,

सप्रेम जय भीम.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, बॉयलर मधूनच रुसतो, आणि आपला कर्कगेट फुटबॉल क्लब दर शनिवारी न चुकता हरतो. ब्रिस्टलला तू, ऋजुता आणि अन्वी मजेत असाल. सहा वर्षांत खुशाली विचारायची सवय मोडली, म्हणून हे वाक्य जरा अवघडलेलं आहे.

क्लबला एकशे पस्तीस वर्षं झाली, त्याचं इतिहासाचं पुस्तक निघतंय. रेकॉर्ड्स अठ्ठावीस वर्षं मीच ठेवते, तेव्हा संपादकपणही माझ्याच गळ्यात. एकशे पस्तीसपैकी आनंदाची वर्षं मोजून चार. सगळ्यात मोठा विजय अकरा-शून्य. समोरच्यांची ट्रेन चुकली आणि सातच जण पोचले. सगळ्यात मोठ्या पराभवाला मात्र आमचे अकराच्या अकरा हजर होते. सर्वाधिक सामने, चारशे बारा, एका खाटकाचे. शनिवारी दुकान मेव्हण्यावर टाकून तो गोलमध्ये उभा राहायचा.

तुझंही नाव आहे. १६ नोव्हेंबर १९९६, शेवटची वीस मिनिटं, बदली खेळाडू म्हणून. सामने एक, गोल शून्य.

इथपर्यंत पत्र तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा परत बॉयलरवर घसरले. आता लिहितेच.

त्या दिवशी रेकॉर्ड ठेवणारे म्हातारे नॉर्मन तापाने घरी होते, वही माझ्या हातात होती. आपण एक-शून्य जिंकलो. तू फटका मारलास, चेंडू त्यांच्या डिफेंडरच्या टाचेला लागून आत गेला. फटका गोलच्या दिशेने असेल तर गोल मारणाऱ्याचा, हा नियम. तुझा फटका तसाच होता. मी वीस यार्डांवर पत्रकारांच्या बाकावर बसले होते, मला दिसलं. शेजारचा पत्रकार इकडच्या रीतीने 'लव्ह' लावत हसत म्हणाला, "भाऊ ना तुझा? देऊन टाक की, लव्ह!"

देऊन टाक! जणू मी खिरापत वाटायला बसले होते. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं त्या बाकावर कुणी म्हणू नये म्हणून मी 'ओन गोल' लिहिलं, म्हणजे त्या डिफेंडरने स्वतःच्याच संघावर केलेला. माझ्या निःपक्षपातीपणाचं तेज असं, की तुझा गोल त्यात जळून गेला.

बाबा विहारात सांगत सुटले होते, पोराने गोल मारला. तिथल्याच कडूबाकाकांनी पुढच्या सामन्याचा छापील प्रोग्रॅम, त्यात 'ओन गोल' लिहिलेला, फडकावून त्यांची टर उडवली. घरी येऊन बाबांनी विचारलं, "कस्तुरी, तू तिथेच होतीस. गोल कुणाचा?" मी म्हटलं, "वहीत आहे तेच खरं, बाबा." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या अंत्यविधीनंतर तू म्हणालास, "ताई, बाबा खोटं बोलत नव्हते, एवढं तरी आज म्हण." मी चहाचे कप गोळा करत राहिले. मग तू बोलणंच सोडलंस. बरोबर केलंस.

मंगळवारी कमिटीपुढे गेले. जुनी नोंद बदलायची तर ज्याने केली त्याने कारण लिहून सही करायची, अशी आमची रीत. अध्यक्ष म्हणाले, "लिहिताना चूक झाली, असं लिही. कुणाला कळतंय?" मी लिहिलं, 'गोल त्याचाच आहे हे ठाऊक असून मी चुकीची नोंद केली.'

"मग तुझी बाकीची रेकॉर्ड्स कोण मानणार, लव्ह?"

"तपासा. अठ्ठावीस वर्षांची आहेत, उन्हाळा छान जाईल."

तपासणार आहेत. तोवर संपादक दुसरा, मुखपृष्ठावर माझं नाव नाही. झोप मात्र चांगली लागते आहे.

सोबत छापायला गेलेलं पान. सामने एक, गोल एक. खाली तळटीप, माझ्या नावासकट. एक प्रत कडूबाकाकांना स्वतः नेऊन दिली. नव्वदीला आलेत. भिंग लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे तुझा बाप खरं बोलत होता."

"हो काका. खोटं मी बोलत होते."

त्यांनी पान नीट घडी करून खिशात ठेवलं.

तू उत्तर लिही किंवा लिहू नकोस. गोल तुझाच राहील.

तुझी ताई,
कस्तुरी