बिल नसलेला उजेड

१२ नोव्हेंबर २००५, शनिवार

फुकट उजेड नको म्हणतात! नको!

वाघोलीच्या दगडखाणीवर आज चौथी बैठक. चोपन्न घरं, पंधरा वर्षांची वस्ती, एकाही घरात वीज नाही. बालवाडीच्या पत्र्यावर सौर पॅनल बसवायचं, तिथून घरोघर दोन-दोन दिवे — एवढी साधी गोष्ट. थोडं सरकारी अनुदान, उरलेलं विक्रमची आयटी कंपनी देणार. अट एकच — लोकांचा लेखी पाठिंबा. आज सह्या झाल्या तीन. त्यातली एक बालवाडीच्या प्रेमलाची, आणि ती आमच्याच संस्थेच्या पगारावर आहे.

विक्रम म्हणाला, मॅडम, यांचा माइंडसेटच प्रॉब्लेम आहे. कॅमेरा मात्र सतत चालू!

कोथरूडला पोचले तर लोडशेडिंग. तीन तास वीज नाही म्हणून शेजारचे शरच्चंद्रकाका जिन्यात उभे राहून सरकारला शिव्या घालत होते. आठवडाभर नेऊन ठेवावं यांना खाणीवर.

१५ नोव्हेंबर

चिडचिड. लिहावंसंच वाटत नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

कारण कळलं. सोजरबाईंकडून. साठीच्या पुढची बाई, अजून खडी फोडते. वस्ती तिच्या शब्दाबाहेर नाही.

"बाई, दिवा चांगला हाय. पन त्येचं बिल येतंय का?"

मी म्हटलं, अहो नाही, तेच तर सांगतेय!

"मग नको. बिलावर मानसाचं नाव असतंय, घराचा नंबर असतोय. आमी हितं ऱ्हातो ह्येचा एक बी कागद न्हाय आमच्यापाशी. दिवा घेतला की सायेब म्हननार, लाईट मिळाली की तुमाला, आता मीटर कशाला?"

तीस वर्षं समाजकार्य करते म्हणे मी! आमच्याकडे विजेचं बिल आलं की नाक मुरडून फ्रिजवर टाकायचं. आणि इथे त्या कपट्यावाचून रेशनकार्ड अडलंय.

२८ नोव्हेंबर, सोमवार

अनुदानाच्या ऑफिसात साडेतीन तास. टेबलावर हिंमतराव नावाचे गृहस्थ. त्यांचा चहा दोनदा झाला, आमची फाईल एकदाही उघडली नाही. शेवटी म्हणाले, जमीन सरकारी आहे, नुसतं 'वस्ती' लिहाल तर शेरे पडतील, वर्ष जाईल. "'तात्पुरती' घाला पुढे. एका शब्दाचा प्रश्न आहे, ताई."

घातला. कसबा पेठेत आमच्या ऑफिसात बसून पाठिंबापत्र पुन्हा हाताने लिहून काढलं — आम्ही, तात्पुरत्या वस्तीतील खालील रहिवासी… सह्या-अंगठे नंतर आणा म्हणाले; फाईल दुपारीच पुढे सरकली. धन्य!

३ डिसेंबर, शनिवार

बिलावर तोड काढली. देखभालीची म्हणून दर महिन्याला संस्थेची छापील पावती द्यायची, नाव आणि घर नंबर घालून. लोक खूश! अंगठ्यांसाठी चक्क रांग. दगड फोडून फोडून अंगठ्यांवरच्या रेघा गेल्यात, कागदावर नुसते काळे ठिपके उमटतात.

आधी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं. 'तात्पुरत्या' तेवढं सोडून. उगाच पुन्हा शंका, पुन्हा बैठका. कंटाळले होते मी.

त्रेपन्न घरं झाली. सोजरबाई अडून बसल्या. वाचता येत नाही, तरी कागद हातात धरून कितीतरी वेळ बघत होत्या. अंगठा एकदा दिला की परत घेता येत नाही, एवढंच म्हणाल्या. प्रेमलाने समजावलं, मी तर हात जोडले. हट्टी म्हातारी! परतताना बसमध्ये मनातल्या मनात तिला नको नको ते बोलले.

२६ जानेवारी २००६

दिवे लागले.

वस्तीतल्या हिराने दिव्याच्या उजेडात भाकरी थापली. म्हणाली, पिठात खडीची धूळ केवढी असती, आज दिसलं. विक्रमला हे वाक्य फार आवडलं. धूळ वगळून वेबसाइटवर टाकणार आहे.

एका दारात तेवढी चिमणी. सोजरबाईंच्या. भाषणात मी म्हणाले, काहींना आपलं भलंही कळत नाही. त्यांच्याकडे बघूनच म्हणाले. टाळ्या पडल्या.

११ एप्रिल, मंगळवार

खाणीला लागून आयटी पार्क येतंय. विक्रमने फोन करून अभिनंदन केलं. कुणाचं ते कळलं नाही.

२ मे, मंगळवार

प्रेमला नोटीस घेऊन आली. पंधरा दिवसांत जागा खाली करा. वस्ती तात्पुरती असल्याचं रहिवाशांनी स्वतः लिहून दिलं आहे, प्रत सोबत.

प्रत म्हणजे माझं अक्षर. खाली त्रेपन्न नावं, मी लिहिली त्याच क्रमाने. त्रेपन्न काळे ठिपके.

सोजरबाईंना नोटीस नाही. सगळी वस्ती त्यांच्या दारात बसलीये. त्यांनी निरोप धाडलाय — "बाईला बोलवा. ह्यो कागद तरी सगळा वाचून दाखव म्हनावं."