सुमीचं विमान दिसेना

शनिवार, संध्याकाळ. रोहा

आज सुमी, माझी धाकटी बहीण, दोहाला नवऱ्याकडे गेली. आपल्या गच्चीवरचा अँटेना विमानांचे सिग्नल पकडतो, तुला सुमीचं विमान घरबसल्या दाखवतो, असं आईला मीच सांगून ठेवलेलं. आणि दोन दिवस स्क्रीनवर एक विमान नाही! धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून आलो की खालीच खुडबुड. वायर बदलली, पिना घासल्या. गच्चीवर जाऊन बघावं, हे का सुचलं नाही?

आज गेलो. कठड्यावरच्या वीतभर अँटेनावर स्टीलचा डबा पालथा. पापडांचा. पापड सुमीच्या बॅगेत गेले, म्हणून रिकामा झालेला.

"दव पडतंय रे," आई म्हणाली. "नेमका सुमीच्या दिवशी बिघडला तर? म्हणून झाकला."

रागवणार होतो. पण डब्याने सिग्नल अडतो, हे तिला कधी सांगितलं होतं मी?

डबा काढला तशी विमानं भराभर उमटली. सुमीचंही. आई तो डबा पोटाशी धरून बघत बसली. विमान समुद्रावर लांब जाऊन दिसेनासं झालं, तरी उठली नाय.

मग म्हणाली, "आता झाकू?"

झाक म्हटलं.