आडव्या दांड्याला पोचा

९ एप्रिल
माझा सध्याचा जोडीदार ट्रेंट, त्याने माझ्या सायकलचा खून केला. तोही प्रेमापोटी! मी कामावर असताना धुवायला म्हणून स्टँडवर चढवली आणि स्टँडचा जबडा आवळला थेट आडव्या दांड्यावर. आमच्या सायकलवेड्या फेअरफॅक्स गावातलं शेंबडं पोरही सांगेल, हलकी पोलादी सायकल सीटखालच्या दांडीला धरतात. आडवा दांडा टोकांना जाड, पण मधोमध सोड्याच्या कॅनच्या पत्र्याइतका पातळ. आता त्याला असा पोचा पडलाय की अंडं बसेल.

“जाऊ दे, कार्बन फायबरची घे एखादी,” म्हणाला. सांत्वन म्हणे!

१० एप्रिल
दिवसभर कुत्र्यांची नखं कापली. प्रत्येकात ट्रेंट दिसला.

११ एप्रिल
कार्बनवाल्यांना काय कळणार? त्यांची सायकल झाडांच्या मुळांवरून खडखडत जाते. माझी जराशी वाकते, सावरते आणि मला पुढे ढकलते. टॅम डोंगराच्या चढावर उभं राहून पॅडल मारलं की खालून हुंकार येतो. ट्रेंटला हे सांगितलं तर म्हणतो, डॉक्टरला दाखव.

१३ एप्रिल
लाज गुंडाळून ठेवून ऑरिनकडे गेले. माझा आधीचा नवरा. नवरा म्हणून भंगार, पण इतकी हलकी फ्रेम या डोंगराच्या आसपास दुसऱ्या कुणी पितळेने सांधून झाळली नाही. लग्न टिकलं नाही, त्याने बनवलेली सायकल टिकली. त्याने पोच्यावरून अंगठा फिरवला आणि कुणाचा पराक्रम, विचारलं. सांगितलं. हसला नाही, ते जास्त लागलं.

दांडा कापून दुसरा बसवता येतो म्हणाला — पोलादाची तीच तर मजा. पण तो बसवणार नाही. त्याला नजरेच्या मधोमधचं दिसेनासं झालंय. ज्योतीखाली पितळ वितळलं की नाही, कळत नाही. दुकान बंद करतोय.

“मग माझ्या सायकलचं काय?”

“तू झाळ. मी मागे उभा राहतो.”

“अरे, मी कुत्र्यांची नखं कापते!”

“चावऱ्या कुत्र्यांची. म्हणजे हात हलत नाही तुझा.”

१६ एप्रिल
भंगार नळ्यांवर सराव. एकीला भोक पाडलं, दुसरी वाकडी. ऑरिनला दिसत नाही पण ऐकू येतं. ज्योतीचा आवाज जरा बदलला की खेकसतो. संसारातही असाच खेकसायचा. आता निदान कारण असतं.

२१ एप्रिल
बोट भाजलं. ट्रेंटला सांगितलं, ओव्हनने.

२७ एप्रिल
नवा दांडा झाळला! पितळ अचानक पाण्यासारखं पातळ झालं आणि सांध्यात शिरलं — मी श्वासच घेतला नव्हता. थंड झाल्यावर ऑरिनने सांध्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ.

“कुरूप आहे,” म्हणाला. “पण टिकेल.”

मला रडू फुटलं, बावळटासारखं. सायकलसाठी की त्याच्या डोळ्यांसाठी, माहीत नाही. त्याला दिसलं नसेल असं धरून चालते.

३० एप्रिल
टॅमवर नेली. टिकली! नवा दांडा बिनरंगाचा, उघडानागडा. चढावर तोच हुंकार. घरी आल्यावर ट्रेंटने विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, मी. तो हसत सुटला, हातातल्या बरिटोतला भात सांडेपर्यंत. मीही हसले. माझं हसू लवकर आटोपलं.

२ मे
ऑरिनचा फोन. सकाळी दुकानात कुणीतरी तडकलेली पोलादी सायकल घेऊन आलं होतं. याने त्याला सांगितलं, झाळणाऱ्या बाई मंगळवारी असतात. मला विचारलंही नाही! मंगळवारचे कुत्रे बुधवारवर ढकलले.