पडवीतलं ऑर्किड

वाटूर,
८ मे १९७७

चि. चतुरास,

तुझं ऑर्किड फुललं आहे. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी रेघा आहेत.

तुझे यजमान गेले तेव्हा किनवटच्या जंगलातून एवढंच घेऊन तू माझ्याकडे आलीस आणि अंगणातल्या आंब्याच्या फांदीला, सावलीत, सुतळीनं बांधलंस. चार महिन्यांनी शेजारच्या कांताबाईंच्या देखत मी म्हणाले, "झाडावर एक बांडगूळ, घरात दुसरं." तू म्हणालीस, "अक्का, ते झाडाचं काही खात न्हाई गं. नुसतं सावलीला बसलंय." दुसऱ्या दिवशी तू मच्छिंद्रदादाकडे कुंभार पिंपळगावला निघून गेलीस. मी ते ओरबाडून पडवीत रांजणामागे फेकलं.

माती नाही, ऊन नाही. दोन वर्षं रांजणाच्या ओलाव्यावर ते जगलं.

बांडगूळ झाडाचा रस पितं, ऑर्किड नुसता आधार घेतं, हे बी.एस्सी.ला शिकले आणि वीस वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिलं. त्या दिवशीही मला ते ठाऊक होतं. मी चुकून बोलले नाही, चतुरा.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या फक्त कार्ड टाकीन: "झाड फुललं आहे, येऊन घेऊन जा." तू आलीस तर "राहा" एवढं म्हणायला मला जमेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून आज ते पुन्हा आंब्याला बांधलं आहे. सुतळीला गाठी जरा जास्तच मारल्या आहेत.

तुझी,
गिरिजाअक्का